ट्रेकच्या स्टोव्हची साठवण (मुंबई)

दोन ट्रेकच्या मधल्या काळात रॉकेल, पेट्रोल किंवा गॅसवर चालणारे स्टोव्ह, गॅसबत्त्या आणि त्यांचे इंधन घरी नीट ठेवणे. परदेशी माहितीपत्रके या वस्तू घराबाहेरच्या शेडमध्ये ठेवायला सांगतात. मुंबईच्या वन-रूम-किचनमध्ये माळा, पलंगाचा खण आणि गॅलरी एवढ्याच जागा असतात. म्हणून इथला पहिला नियम असा, की स्टोव्ह घरात राहील, इंधन शक्यतो राहणार नाही. ट्रेकपुरतेच घ्यावे आणि संपवून यावे.

होळीच्या सुमारास माळ्यावर गेलेला स्टोव्ह बहुधा दिवाळीच्या सुट्टीतच खाली उतरतो. मधे मे महिन्याचा उकाडा आणि चार महिन्यांचा दमट पावसाळा जातो, म्हणजे या सामानाला सर्वांत वाईट असलेले दोन्ही काळ.

पेट्रोल शून्याखाली ४० अंशांवरही पेट घेईल इतकी वाफ सोडते. त्यामुळे तळाशी चार थेंब राहिलेली ‘रिकामी’ बाटली फसवी असते. आत हवा आणि वाफ यांचे पेटते मिश्रण तयार असते. रॉकेल त्यामानाने सौम्य. ते पेटण्याजोगी वाफ सोडू लागते ते साधारण ३५ अंशांच्या पुढे. पण मुंबईतला मे त्याच्या आसपास पोचतोच. उरलेले इंधन मोरीत कधीही ओतू नये. स्वच्छ पेट्रोल बाइकच्या टाकीत जाते, रॉकेल सायकलची चेन धुवायला कामी येते.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. पलंगाच्या खणात गळला तर तिथेच साचतो. माळ्यावर गळला तर खाली उतरतो, आणि खाली देवघरातली समई किंवा फ्रिज असतो. गॅसचा डबा ५० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायचा नसतो, म्हणून पत्र्याखालचा माळा आणि उन्हात उभी गाडी दोन्ही बाद. अर्धा डबा उरलाच, तर स्टोव्ह सोडवून, झडपेवर टोपी बसवून, सावलीतल्या मोकळ्या गॅलरीत लाकडी फळीवर उभा ठेवावा. ओल्या लादीवर ठेवला तर खालच्या कडेला गंजाचे लाल कडे धरते. दिवाळीत मात्र गॅलरीतही नको. रॉकेट कुठून येईल सांगता येत नाही. कसारा किंवा कर्जत लोकलने निघणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की गॅसचा डबा वा रॉकेल गाडीत नेणे रेल्वे अधिनियम, १९८९ नुसार गुन्हा आहे.

पंपाचा स्टोव्ह ठेवण्यापूर्वी पूर्ण थंड करावा, स्क्रू सैल करून हवा सोडावी, टाकी उपडी करून सुकवावी. सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे पंपातला चामड्याचा वायसर. तो वाळून आक्रसला, की दट्ट्या सहज खालीवर होतो पण हवा दाबली जात नाही. बरेच जण खोबरेल लावतात; ते हरिश्चंद्रगडावरच्या डिसेंबरात गोठते. शिलाई मशीनचे तेल बरे. गॅसच्या स्टोव्हचा रबरी ओ-रिंग नखाने दाबून पाहावा. चीर दिसली तर लगेच बदलावा, कारण गळती तिथूनच सुरू होते.

स्टोव्ह कोरड्या सुती फडक्यात बांधावा. वर्तमानपत्र पावसाळ्यात ओल धरते आणि पितळेवर हिरवट डाग पडतात. बर्नरची नळी उघडी ठेवू नये. कुंभारीण माशी तिच्यात मातीचे घर करते, मग ज्योत पिवळी होऊन टोपाची बूडं काळी होतात.

घरात गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नये, चालू वा बंद काहीच करू नये. दारे-खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर पडावे आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे.

पुढच्या ट्रेकच्या आदल्या आठवड्यात स्टोव्ह गॅलरीत जोडून, न पेटवता, सांध्यावर साबणाचा फेस लावतात. फेसात बुडबुडा फुगू लागला, तर तो स्टोव्ह सॅकमध्ये जात नाही.