प्रोस्टेटचा त्रास आणि त्यामागची जुनी भीती

३० जुलै १९४१ रोजी कोलकात्याच्या जोडासाँको इथल्या घरी रवींद्रनाथ टागोरांवर एक शस्त्रक्रिया झाली. वय ८०. प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवी अडत होती, रक्तात विषारी द्रव्यं साचत होती, आदल्या वर्षी कालिम्पाँगला ते बेशुद्ध होण्यापर्यंत वेळ आली होती. ऑपरेशन करावं की नाही यावर डॉक्टरांचंच एकमत नव्हतं. विधानचंद्र रॉय अनुकूल होते, तर वयोवृद्ध नीलरतन सरकारांचा विरोध होता. अखेर घरातच तयारी करून, फक्त जागा बधिर करून, ओटीपोटातून मूत्राशयाला छेद देऊन लघवीला वाट करून दिली. त्या दिवशी सकाळी टागोरांनी आपली शेवटची कविता सांगून लिहवून घेतली होती. ७ ऑगस्टला ते गेले. जंतुसंसर्ग रोखणारं पेनिसिलिन तेव्हा भारतात पोचलेलं नव्हतं.

आज हाच त्रास घेऊन आलेला ८० वर्षांचा माणूस बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत चालत घरी जातो. तरीही आपल्याकडे पुरुष हे दुखणं वर्षानुवर्षं लपवतात. ही भीती उगाच आलेली नाही, तिला इतिहास आहे. मात्र ज्या काळातून ती आली तो काळ केव्हाच मागे पडला.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या अगदी खाली, मूत्रनलिकेभोवती बसलेली ग्रंथी. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. तरुणपणी तिचं वजन साधारण २० ग्रॅम असतं. चाळिशीनंतर बहुतेकांमध्ये तिचा आतला, नलिकेला लागून असलेला भाग हळूहळू वाढू लागतो. पन्नाशी उलटलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते आणि ऐंशीच्या पुढे तर फार थोडे त्यातून सुटतात. वाढ साधी असते, कॅन्सरची नसते. पण जागा अडचणीची. नलिका दाबली जाते, आणि लघवी बाहेर ढकलण्यासाठी मूत्राशयाला जास्त जोर लावावा लागतो.

मग लक्षणं सुरू होतात. धार बारीक होते. उभं राहिलं तरी लघवी लगेच सुरू होत नाही, कुथावं लागतं. मध्येच थांबते, पुन्हा येते. झाली असं वाटतं तोच शेवटचे थेंब कपड्यांवर पडतात. पूर्ण मोकळं झाल्याचं समाधान नसतं. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, आणि लागली की थांबवत नाही. घरच्यांना हे शब्दांतून कळत नाही, वागण्यातून कळतं. वडील एसटीचा लांबचा प्रवास टाळायला लागतात, संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत, लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या बाथरूम कुठे आहे ते बघून ठेवतात. ग्रंथी किती मोठी आणि त्रास किती, यांचं गणित मात्र जुळतंच असं नाही. सोनोग्राफीत ८० ग्रॅमची ग्रंथी असलेला माणूस निवांत असतो आणि ३५ ग्रॅमवाला हैराण.

हे दुखणं आपल्याकडच्या वैद्यांना जुनंच माहीत होतं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, बारा प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या वाताष्ठीलेचं वर्णन असं: मलमार्ग आणि मूत्राशय यांच्यामध्ये घट्ट, न हलणारी, उंच आलेली गाठ, तिच्यामुळे मल, मूत्र आणि वायू अडतात आणि बस्तीत (मूत्राशयात) तीव्र वेदना होते. ही म्हणजे नेमकी आजची प्रोस्टेटची वाढच का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण गाठीची जागा वाचली की थक्क व्हायला होतं. आजही डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून तपासतात तेव्हा ग्रंथी हाताला लागते ती तिथेच. युरोपात या अवयवाचं स्पष्ट वर्णन १५३६ मध्ये व्हेनिसच्या निकोलो मासाने केलं आणि दोन वर्षांनी शरीररचनेचा अभ्यासक वेसेलियस याने त्याचं चित्र छापलं.

माहीत असलं तरी उपाय काय होता? लघवीच्या वाटेने आत घालायची नळी. पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराच्या उत्खननात कांस्याच्या वाकड्या नळ्या सापडल्या आहेत. १९ व्या शतकात रबराची नळी येईपर्यंत लघवी तुंबलेल्या म्हाताऱ्यांच्या नशिबी धातूचीच नळी होती, आणि दिवसातून अनेकदा ती आपल्या हाताने घालणारेही होते. निर्जंतुकीकरण ठाऊक नव्हतं. एकदा आत जंतू शिरले की ताप, थंडी आणि मृत्यू. ‘नळी लागली की माणूस संपला’ ही समजूत त्या अनुभवातून आली असणार.

दुसरी भीती पुरुषत्व जाण्याची. तिलाही आधार आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन हंटर यांनी प्राण्यांमध्ये पाहिलं होतं की वृषण काढले की प्रोस्टेट आक्रसते. १८९३ मध्ये फिलाडेल्फियाचे विल्यम व्हाइट यांनी वाढलेल्या प्रोस्टेटवर हाच उपाय माणसांत सुचवला, आणि पुढची काही वर्षं अमेरिका-युरोपात शेकडो वृद्धांचे वृषण काढले गेले. काहींना गुण आला, अनेक जण दगावले. शतक सरता सरता ही पद्धत मागे पडली.

ती मागे पडली यात भारतात काम केलेल्या एका डॉक्टरचा मोठा वाटा आहे. पीटर फ्रेयर हे मूळचे आयर्लंडचे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये वीसेक वर्षं उत्तर भारतात राहिले. तिथे मूतखड्याचे रोगी अमाप, त्यामुळे मूत्राशयाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हात तयार झाला. लंडनला परतल्यावर डिसेंबर १९०० मध्ये त्यांनी सेंट पीटर्स रुग्णालयात ओटीपोटातून मूत्राशय उघडलं, एक बोट गुदद्वारातून घालून ग्रंथी वर उचलून धरली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने संत्र्याची साल तशीच ठेवून गर सोडवावा तशी आतली वाढ सोडवून काढली. न्यूयॉर्कचे यूजीन फुलर यांनी हे आधी केलं होतं आणि श्रेयावरून वादही झाला, पण पद्धत रूढ केली ती फ्रेयर यांनी. १९१२ मध्ये त्यांनी आपल्या हजार रुग्णांचा हिशेब छापला. त्यात शंभरातले पाच-सहा दगावले होते. आज हा आकडा अंगावर येतो. रक्त चढवण्याची सोय नसलेल्या त्या काळात तो वरदान होता.

पुढचं वळण दुर्बिणीचं. बर्लिनचे मॅक्सिमिलियन नित्से यांनी १८७० च्या दशकाच्या शेवटी मूत्राशयात डोकावणारी दुर्बीण बनवली, एडिसनच्या दिव्यानंतर ती खऱ्या अर्थाने वापरता येऊ लागली. १९२६ मध्ये स्टर्न यांनी विजेच्या तारेने कापणारं उपकरण आणलं आणि मॅकार्थी यांनी ते काही वर्षांत सुधारलं. पोट न फाडता, लघवीच्याच वाटेने आत जाऊन वाढलेला भाग तासून काढायचा. आपल्याकडे ‘दुर्बिणीतून ऑपरेशन’ म्हणतात ते हेच, आणि लेसरने होतं ते याच वाटेचं पुढचं पाऊल. या ऑपरेशननंतर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाणं सर्रास घडतं. ताठरता मात्र बहुतेकांची टिकते. हे रुग्णाला आधी, स्पष्ट शब्दांत आणि शक्यतो बायकोसमोर सांगायला हवं. न सांगितल्यामुळेच जुनी भीती जिवंत राहिली आहे असं माझं ठाम मत आहे.

गोळ्यांची गोष्ट आणखी वेगळी. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका खेड्यात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना त्यांचं शरीर पुरुषाचं होई. १९७४ मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिनली यांनी त्याचं कारण मांडलं: टेस्टोस्टेरॉनचं अधिक प्रभावी रूप बनवणारं एक एन्झाइम त्यांच्यात कमी होतं. मोठेपणीही त्यांची प्रोस्टेट लहानच राही. तेच एन्झाइम अडवणारं फिनास्टेराइड १९९२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याचा गुण यायला सहा महिने लागतात. दुसरं औषध टॅमसुलोसिन मूत्राशयाच्या मानेचे स्नायू सैल करतं, फरक काही दिवसांत कळतो. ते घेणाऱ्याने मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याच्या डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे, कारण ऑपरेशनच्या वेळी बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो.

कॅन्सरचा इतिहास स्वतंत्र आहे, लोकांच्या मनात मात्र तो या वाढीत मिसळून गेलाय. ऑक्टोबर १९६३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांना प्रोस्टेटचा त्रास अचानक बळावला. दुखणं गंभीर आहे असं धरून त्यांनी राजीनामा दिला. वाढ साधी निघाली आणि ते आणखी २३ वर्षं जगले.

साधी वाढ नलिकेजवळ होते, तर कॅन्सर बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो. म्हणून सुरुवातीला तो काहीच जाणवू देत नाही. लघवीचा त्रास आहे म्हणजे कॅन्सर आहे असं नाही, आणि त्रास नाही म्हणजे कॅन्सर नाही असंही नाही. लघवीतून रक्त, पाठीच्या कण्यात किंवा कमरेच्या हाडांत न थांबणारं दुखणं, विनाकारण घटणारं वजन, यांसाठी मात्र थांबू नये. लंडनच्या जॉन ॲडम्स यांनी १८५३ मध्ये या कॅन्सरची नोंद केली तेव्हा तो फार दुर्मीळ समजला होता. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी पुरुष संप्रेरक रोखलं तर हाडांत पसरलेला हा रोगही मागे हटतो हे दाखवलं आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. रक्ताची पीएसए तपासणी (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण मोजणारी) अमेरिकेत १९८६ मध्ये पाठपुराव्यासाठी आणि १९९४ मध्ये निदानासाठी मंजूर झाली. पीएसए साध्या वाढीतही चढतो, जंतुसंसर्गातही चढतो, आणि फिनास्टेराइड घेत असल्यास निम्म्यावर येतो. सरसकट तपासण्यांमुळे अनेकांची विनाकारण ऑपरेशनं झाली, म्हणून आज सौम्य कॅन्सरवर कित्येकदा नुसती नजर ठेवतात. आयुर्मान वाढतंय तसा या कॅन्सरचा आकडाही वाढणार: २०२० मध्ये जगभरात वर्षाला १४ लाख नवे रुग्ण होते, २०४० पर्यंत ते २९ लाख होतील असा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाचा अंदाज आहे.

साधी वाढ आणि कॅन्सर यांच्याखेरीज प्रोस्टेटचं तिसरं दुखणं म्हणजे सूज, आणि ती तरुणांनाही होते. थंडी वाजून ताप, लघवीला आग, वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागेत ठणका असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

लघवी पूर्ण तुंबणं हाही तातडीचाच प्रसंग. वाढलेली प्रोस्टेट असताना सर्दीच्या काही गोळ्या, दारू किंवा बद्धकोष्ठ एवढं निमित्त पुरतं. ओटीपोट फुगतं, कळ सहन होत नाही. इस्पितळात नळी घातली की काही मिनिटांत मोकळं होतं. हळूहळू तुंबत गेलेली लघवी मात्र दुखत नाही आणि मूत्रपिंडं निकामी करत जाते. तिथे थेंब थेंब गळणं हीच खूण असते, आणि घरचे त्याला म्हातारपण समजतात.