चंद्र-ग्रह युती आणि पंचांगाचा ताळा

‘चंद्र-गुरू युती’, ‘चंद्र-शनी युती’ या नोंदी पंचांगात दर महिन्याला येतात. युती म्हणजे दोघांचे राशीचक्रातले अंश सारखे होणे. चंद्र २७.३ दिवसांत राशीचक्राची फेरी पुरी करतो, ग्रहही त्याच पट्ट्यातून चालतात, तेव्हा तो प्रत्येकाला महिन्यातून एकदा गाठणारच. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाशी) सुमारे ५ अंशांनी कललेली असल्याने दोघांमधले अंतर मात्र दर वेळी बदलते. कधी ग्रह चार-पाच अंश दूर राहतो, कधी चंद्र त्याला झाकूनच टाकतो. २४ मार्च २०२३ च्या संध्याकाळी चंद्रकोरीला खेटून शुक्र दिसला होता, तो याच मासिक भेटींपैकी एक जवळची भेट.

सोलापूरकरांचा या नोंदींशी थोडा घरचा संबंध आहे. लक्ष्मणशास्त्री दाते यांनी सुरू केलेले दाते पंचांग शंभराहून अधिक वर्षे याच शहरातून निघते. ‘गणिताने येते ते आकाशात दिसलेच पाहिजे’, या आग्रहाला दृक्प्रत्यय म्हणतात. हा आग्रह पाचशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याच्या इतिहासात युतीची साक्ष पुन्हा पुन्हा काढलेली आढळते.

सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात ग्रहयुतीला स्वतंत्र अधिकार (अध्याय) आहे. ताराग्रह (बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी) एकमेकांजवळ आले तर युद्ध किंवा समागम, ग्रह चंद्राजवळ आला तर समागम, सूर्याजवळ गेला तर अस्त. युद्धाचेही प्रकार केले आहेत: बिंबे टेकली तर उल्लेख, एकाने दुसऱ्याला झाकले तर भेद, किरण मिसळले तर अंशुविमर्द. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ग्रहयुद्ध आणि चंद्र-ग्रह समागम यांवर दोन वेगळे अध्याय आहेत, पण तिथे भर फळे सांगण्यावर आहे. गणितीला युती हवी असते ती ताळा करण्यासाठी.

शनी अमुक राशीत १२ अंशांवर आहे, हे नुसत्या डोळ्यांनी पडताळता येत नाही, कारण आकाशात अंशांच्या खुणा नाहीत. दोन ज्योती शेजारी आल्या की मात्र चूक लपत नाही. मोजपट्टीही तिथेच असते: चंद्रबिंब अर्ध्या अंशाचे, आणि हात लांब केल्यावर करंगळीची रुंदी साधारण एका अंशाची. शिवाय अयनांशावरून, म्हणजे राशीचक्राचा आरंभ कुठे धरायचा यावरून, पंचांगांमध्ये कितीही भांडणे झाली, तरी युतीच्या वेळेवर त्यांचा परिणाम होत नाही. अयनांश दोघांच्याही भोगातून (राशीचक्रावरच्या अंशांतून) सारखेच वजा होतात, त्यामुळे फरक तोच राहतो.

हे नीट ओळखले कोकणातल्या नांदगावच्या केशव दैवज्ञांनी. १४९६ च्या आपल्याच ‘ग्रहकौतुक’ ग्रंथावरील टीकेत (भाष्यात) त्यांनी ब्राह्म, आर्य आणि सौर या तिन्ही पक्षांचे (ज्योतिषगणिताच्या परंपरांचे) गणित आकाशाशी जुळवून पाहिले आणि शनीत ५ अंशांचा फरक प्रत्यक्ष दिसतो असे नोंदवले. पुढच्या गणकांनी नक्षत्रयुती, ग्रहयुती आणि उदयास्त पाहून गणित सुधारून घ्यावे, असेही सांगून ठेवले. पुत्र गणेश दैवज्ञांनी १५२० च्या ‘ग्रहलाघवा’त तेच केले. सूर्य सौरपक्षाचा, चंद्र सौराचाच पण ९ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वजा करून, गुरू आणि मंगळ आर्यपक्षाचे, शनी आर्यपक्षाचा पण ५ अंश वाढवून. कुठल्याही एका पक्षाशी निष्ठा न ठेवता जे जुळते ते उचलले, हे त्या काळात धाडसाचेच म्हणायचे. ४०१६ दिवसांचे चक्र धरून आणि जीवा-कोष्टके (त्रिकोणमितीची कोष्टके) टाळून त्यांनी आकडेमोडही सोपी केली, म्हणून महाराष्ट्रातली पंचांगे पुढे शतकानुशतके ग्रहलाघवावर चालली.

५ अंश म्हणजे किती? चंद्र तासाला सुमारे ३३ कला सरकतो, म्हणजे चंद्र-शनी युती नऊ तासांनी चुकेल. गुरू-शनी युतीत तर सरासरी गतीने हीच चूक सुमारे शंभर दिवसांची होते.

ग्रहलाघवाची खरी अडचण चंद्रात होती, आणि ती ग्रहणांत फारशी दिसत नाही. जुन्या गणितात चंद्राला सुमारे ५ अंशांचा एकच मोठा संस्कार (दुरुस्ती), मंदफल; सरासरी जागेवरून खरी जागा काढायला तो लागतो. अमावास्या-पौर्णिमेला तो जवळपास पुरतो. अष्टमीच्या सुमारास मात्र तो साडेसात अंशांपर्यंत जायला हवा. तिथे अडीच अंशांपर्यंत, म्हणजे साडेचार तासांची चूक पडू शकते. ग्रहण जुळले म्हणून पंचांग बरोबर, असे मानणाऱ्यांना अष्टमीची युती अडचणीत आणणारच. केरो लक्ष्मण छत्रे यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ (१८६०) आणि नंतर व्यंकटेश बापूजी केतकरांचे ‘ज्योतिर्गणित’ यांनी हे राहिलेले संस्कार मराठी पंचांगकर्त्यांच्या हाती दिले. भारत सरकारचे राष्ट्रीय पंचांग १९५७ मध्ये आले, तोवर वादाचा मुख्य भाग उरकला होता.

फेब्रुवारी १९६२ ची अष्टग्रही (आठ ग्रह एकाच राशीत येणे) मात्र वेगळ्या कारणाने गाजली. देशभर यज्ञ झाले, प्रलयाच्या वावड्या उठल्या. गंमत अशी की मकरेतली ती गर्दी सूर्याच्या तेजात होती. पाहण्यासारखे जवळपास काहीच नव्हते. उलट २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी फक्त ६ कलांवर आले आणि सूर्यास्तानंतर चांगले दिसले.

सोलापुरातून ताळा करायचा तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. युतीच्या छापील वेळा बहुधा पृथ्वीच्या केंद्रातून काढलेल्या असतात. पाहणारा पृष्ठभागावर असल्याने क्षितिजाजवळचा चंद्र जवळजवळ एक अंश खाली दिसतो, हेच लंबन. ग्रह फार दूर असल्याने त्याला ते नगण्य. म्हणून मावळत्या चंद्राची युती छापील वेळेनंतर, कधी दीड-पावणेदोन तासांनी दिसते, आणि उगवत्या चंद्राची तितकीच आधी. चंद्र माथ्याजवळ असेल तर फरक फारसा पडत नाही. शुक्र-बुधासाठी मोकळे पश्चिम क्षितिज लागते. हिप्परगा तलावाच्या पूर्व काठावरून ते मिळते, मात्र एप्रिल-मेच्या धुळीत बुध हाती लागत नाही. दर तासाला चंद्र-ग्रह अंतर चंद्रबिंबांच्या मापात लिहून ठेवावे. ते सर्वांत कमी भरते ती वेळ आणि युतीची वेळ यांत थोडे अंतर राहते, कारण युती भोगावरून धरतात आणि चंद्र क्रांतिवृत्ताला तिरका चालतो.