जुनी डिस्क, नवा बोर्ड आणि सेव्हन बीचा निळा स्क्रीन

मामाचं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, हँडबिलं, वाढदिवसाचे फ्लेक्स असली कामं. त्याच्या जुन्या कोअर टू ड्युओ मशीनचा बोर्ड गेला (कपॅसिटर पार फुगले होते) म्हणून मी चौथ्या जनरेशनचा सेकंडहँड आय फाइव्ह आणून दिला. मामा म्हणाला, डिस्क तर ठणठणीत आहे ना, मग तीच काढून यात लाव की, विंडोज सेव्हन आहे, फॉन्ट आहेत, सगळं जसंच्या तसं चालू होईल.

लावली. ते चार रंगांचे ठिपके फिरत फिरत एकत्र यायला लागले, म्हटलं झालं काम, आणि तेवढ्यात अर्धा सेकंद काहीतरी निळं चमकून मशीन रिस्टार्ट. परत तेच. वाचताच येईना. मग सुरुवातीलाच एफ ८ दाबून ऑटोमॅटिक रिस्टार्ट बंद केलं तेव्हा निळा स्क्रीन थांबला आणि खाली आकडा दिसला, भरपूर शून्यं आणि शेवटी ७बी. अर्थ एवढाच की ज्या डिस्कवरून मी सुरू होतोय ती डिस्कच मला सापडत नाही.

आता गंमत बघा, डिस्क सापडत नाही म्हणणारं विंडोज त्याच डिस्कवरून आलंय! हे कसं?

तर मशीन ऑन केलं की आधी बायोस, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम, जागा होतो आणि डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो, ५१२ बाइट, त्यातल्या शेवटच्या दोन बाइट ५५ आणि एए असल्या की हा बूट होणारा सेक्टर असं तो मानतो. तिथला छोटासा कोड पुढच्याला उठवतो, तो विंडोजच्या लोडरला, आणि लोडर मग कर्नल (विंडोजचा गाभा) आणि अगदी सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर (हार्डवेअरशी बोलणारे प्रोग्रॅम) मेमरीत आणून ठेवतो. इथपर्यंत डिस्क वाचायचं काम बायोसच करून देतोय, विंडोजला बोर्ड कुठला, डिस्क सांभाळणारा कंट्रोलर कुठला याच्याशी काही देणंघेणं नाही. पण कर्नलनं सूत्रं हातात घेतली की बायोस बाजूला होतो आणि इथून पुढे विंडोजनं स्वतःच्या ड्रायव्हरनं डिस्क वाचायची. तो ड्रायव्हर आधीच मेमरीत आला नसेल तर तो आणायचा कुठून, डिस्कवरूनच ना? म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच आणि कपाट कुलूपबंद.

मामाच्या जुन्या मशीनवर साटा कंट्रोलर (साटा म्हणजे डिस्क जोडायची पद्धत) आयडीई मोडमध्ये, म्हणजे डिस्कशी बोलायच्या जुन्या पद्धतीत होता, नव्यावर एएचसीआय, म्हणजे नवी पद्धत. एएचसीआयचा ड्रायव्हर विंडोज सेव्हनमध्ये असतोच, पण इन्स्टॉल करताना जे स्टोरेज ड्रायव्हर लागत नाहीत ते विंडोज बंद करून ठेवतं, बूट लवकर व्हावं म्हणून. काही सेकंद वाचवायला केलेली काटकसर अशी बारा वर्षांनी अंगाशी येते.

उपाय मात्र सोपा निघाला. पण त्याआधी एक काम केलं ते सांगतो, डिस्कची क्लोनझिला नावाच्या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमनं अख्खी इमेज काढून ठेवली, कारण विंडोज नव्या मशीनवर एकदा उठलं की नवे ड्रायव्हर, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची वही), सगळं त्याच डिस्कवर लिहायला लागतं आणि मग मागे फिरणं अवघड. मग बायोसमध्ये जाऊन साटाचा मोड आयडीई केला, विंडोज निमूट उठलं. रजिस्ट्रीत एमएसएएचसीआय नावाच्या सर्व्हिसची (हाच तो एएचसीआयचा ड्रायव्हर) स्टार्ट व्हॅल्यू ३ होती ती ० केली, शून्य म्हणजे लोडरनं कर्नलबरोबरच उचलायचा ड्रायव्हर, आणि पुढच्या बूटला मोड परत एएचसीआय. चाललं.

हा बोर्ड आणखी नवा असता तर एवढ्यावर भागलं नसतं. सहाव्या जनरेशनपासून इंटेलच्या चिपसेटमध्ये आयडीई मोड राहिलाच नाही, आणि यूएसबी फक्त नव्या कंट्रोलरवर, ज्याचा ड्रायव्हर विंडोज सेव्हनमध्ये मुळातच नाही, म्हणजे डेस्कटॉप समोर आणि माउस हलेना. शिवाय जुन्या पद्धतीनं बूट होणारी डिस्क फक्त यूईएफआय (बायोसच्या जागी आलेला नवा प्रकार) असलेल्या मशीनला कळतच नाही, तिथं निळा स्क्रीनसुद्धा येत नाही, नुसतं बूट डिव्हाइस नाही म्हणून मोकळं. आधी कुठला मेसेज येतोय ते नीट वाचा, गाडी कुठल्या स्टेशनला अडकलीय ते त्यावरूनच कळतं.

विंडोज १० बऱ्यापैकी सांभाळून घेतं, पण बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर मशीन बदलल्या बदलल्या ४८ आकडी रिकव्हरी की मागेल, ती आधी शोधून ठेवा. लिनक्सचं म्हणाल तर विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. कर्नलबरोबर एक छोटं पोतडं मेमरीत येतं, इनिटरॅमएफएस म्हणतात त्याला, आणि डेबियन किंवा उबुंटूमध्ये त्यात आपल्या मशीनला लागोत न लागोत, बहुतेक कंट्रोलरचे ड्रायव्हर भरलेलेच असतात. माझी उबुंटूची डिस्क तीन मशीन फिरलीय, दर वेळी फक्त नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं.

मामाचं एक दुखणं उरलंच. विंडोज मशीनबरोबर आलेलं, म्हणजे त्याचं लायसन्स त्या मेलेल्या बोर्डालाच बांधलेलं, त्यामुळे आता वॉलपेपर काळा आणि कोपऱ्यात ही कॉपी जेन्युइन नाही अशी पाटी. सेव्हनचे अपडेट तर जानेवारी २०२० मध्येच थांबले, म्हणून नेटची वायर काढून ठेवलीय. जुन्या पत्रिका उघडतायत, फॉन्ट दिसतायत, प्रिंट निघतेय. काळा पडदा बघून मामा म्हणाला, बरंय, डोळ्याला त्रास नाही.