गार खोली, गरम पाय: झोपेआधी नेमकं काय थंड व्हायला हवं?

'झोप यायला शरीर थंड व्हावं लागतं' हे खरं. पण त्यावरून 'झोपण्यापूर्वी गार पाण्याने अंघोळ करा' असा सल्ला देणाऱ्यांना हात जोडावेसे वाटतात. त्यांनी दोन तापमानं एकच समजली आहेत.

पहिलं, शरीराच्या आतलं. साधारण ३७ अंश सेल्सिअस. दिवसभरात सुमारे एक अंशाने वरखाली होतं, संध्याकाळी चढतं, पहाटे तळाला जातं. हे बहुतेकांना ठाऊक असतं.

दुसरं त्वचेचं, आणि घोळ होतो तो इथे. झोपेची वेळ जवळ आली की हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. तळहात-तळपायांत तर धमनी आणि शीर यांना थेट जोडणाऱ्या खास वाहिन्या असतात. त्या उघडल्या की आतलं ऊन रक्त त्वचेजवळ येतं आणि उष्णता बाहेर पडते. म्हणजे तळवे गरम होतात म्हणूनच आतलं तापमान उतरतं! गार पाण्याने नेमकं उलट होतं: वाहिन्या आकसतात, उष्णता आतच कोंडते. हातापायांच्या वाहिन्या जितक्या रुंदावलेल्या, तितकी झोप लवकर, हे स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी १९९९ मध्येच दाखवून दिलं होतं.

हे सगळं जुळवतो मेंदूतला हायपोथॅलॅमस. त्याच्या पुढच्या भागात उष्णता ओळखणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या पेशी शेजारीशेजारी आहेत. उंदरांमध्ये तिथल्या ठरावीक पेशी चेतवल्या की झोपही लागते आणि अंगही थंड पडतं. त्वचेची ऊब या भागाला झोपेचा इशारा वाटते.

म्हणून झोपण्याच्या तास-दोन तास आधी ४० अंशांच्या आसपासच्या पाण्याने अंघोळ करावी. अगदी अंथरुणात शिरण्यापूर्वी नको, आतली उष्णता निघून जायला वेळ द्यावा लागतो. पाय गार पडत असतील तर खुशाल मोजे घाला. मोज्यांना नाक मुरडणाऱ्यांचं मला कधीच पटलेलं नाही.

आणि खोली गारच हवी, कारण बाहेर पडणारी उष्णता जाणार कुठे? खरी गरज रात्रीच्या उत्तरार्धात असते. तेव्हा स्वप्नांची, म्हणजे रेम झोप जास्त असते आणि त्या झोपेत घाम येणं, कुडकुडणं बरंच कमी होतं. रात्री छान वाटलेलं जाड पांघरूण पहाटे नकोसं होतं, त्यामागे हेही एक कारण असतं.