मूल्यप्रेरित अवधान

एखाद्या रंगाशी, आकाराशी किंवा खुणेशी पूर्वी लाभ निगडित झालेला असल्यामुळे, पुढे तो लाभ बंद होऊन हाती दुसरेच काम असतानाही नजर तिकडे आपोआप वळण्याची प्रवृत्ती. सारंगखेड्याच्या (जि. नंदुरबार) दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारा जाणकार त्याच्या अंगावरचे भोवरे (केसांची गोलाकार वळणे, जी शुभ किंवा अशुभ मानली जातात) निरखतो, हे हेतुपूर्वक अवधान होय; तो दात किंवा चाल तपासत असताना भोवऱ्याने नजर ओढून घेतली, तर तो प्रस्तुत संज्ञेचा विषय ठरतो.

संज्ञा रूढ झाली ती मानसशास्त्रज्ञ ब्रायन अँडरसन, पॅट्रिक लॉरेंट व स्टीव्हन यांटिस यांच्या २०११ मधील प्रयोगापासून. तथापि इटलीतील कियारा देल्ला लिबेरा व लिओनार्दो केलात्झी यांचे मोबदला आणि दृश्य निवड यांविषयीचे काम (२००६) त्याआधीचे आहे. अँडरसन यांच्या प्रयोगात लाल किंवा हिरवे वर्तुळ शोधल्यास पैसे मिळत. एका रंगाला बहुधा ५ सेंट, दुसऱ्याला १ सेंट. नंतर मोबदला थांबवून केवळ आकार शोधायला सांगितले, तरी जास्त मोबदल्याचा रंग दिसताच प्रतिसाद मंदावला. हा परिणाम सहा महिन्यांहून अधिक काळ टिकल्याचेही पुढे (२०१३) आढळले.

वाद आहे तो यंत्रणेविषयी. रंग हेच आधी लक्ष्य असल्याने ही केवळ वारंवार शोधण्याची सवय असू शकेल, असा आक्षेप घेतला जातो. जास्त व कमी मोबदल्याच्या रंगांतील फरक काही पुनर्प्रयोगांत स्पष्ट न दिसल्याने त्याला वजन आहे. मात्र ले पेली व सहकाऱ्यांच्या प्रयोगात (२०१५) लाभसूचक रंगाकडे पाहिल्यास लाभच रद्द होई, आणि तरीही डोळे तिकडे वळत. पाहण्याला कधीच मोबदला मिळाला नसल्याने साधक अभिसंधानापेक्षा (मोबदल्यामुळे एखादी कृती दृढ होण्यापेक्षा) अभिजात अभिसंधानाचे, म्हणजे रंग लाभाचा संकेत बनल्याचे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. माकडांवरील संशोधनात अशी दीर्घकालीन मूल्ये मेंदूतील कॉडेट केंद्रकाच्या शेपटाकडील भागाशी निगडित आढळली आहेत.

तोट्याशी जोडलेले रंगही लाभाच्या रंगांप्रमाणे अवधान खेचतात, असे डिर्क वेंटुरा व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले. त्यामुळे ‘मूल्य’ हा शब्द येथे केवळ लाभापुरता घेऊ नये. घोड्याच्या बाजारात अशुभ मानलेला भोवराही शुभ भोवऱ्याइतकाच चटकन नजरेत भरणे यास धरूनच आहे.