मधुमेहाची चाहूल: लक्षणे उशिरा का दिसतात

तहान आणि वारंवार लघवी ही मधुमेहाची सुरुवातीची लक्षणे म्हणून सांगितली जातात. लघवीला मुंग्या लागणे ही तर त्याची फार जुनी खूण. चरकसंहितेतल्या पूर्वरूपांत, म्हणजे रोगाआधीच्या खुणांत, ती आहेच. शिवाय तोंडाची कोरड, तहान, आळस, हातापायांची आग आणि बधिरपणाही तिथे नोंदलेला आहे. सुश्रुतसंहितेने प्रमेहाचे (मधुमेह ज्यात मोडतो त्या लघवीच्या विकारांचे) सहज, म्हणजे जन्मजात, आणि अपथ्यामुळे होणारा असे दोन प्रकार केले. दुसऱ्या प्रकारातला रोगी स्थूल, खादाड आणि बैठा. आजच्या टाइप टू मधुमेहाशी हे वर्णन बरेच जुळते.

१७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी रुग्णाची लघवी आटवली आणि तळाशी साखर उरते हे दाखवले. विसाव्या शतकात बेनेडिक्टचे निळे द्रावण आले: ५ मिली द्रावणात लघवीचे ८ थेंब टाकून उकळायचे, साखर असेल तर हिरवा, पिवळा, नारिंगी, शेवटी विटकरी रंग येतो.

मुंग्या काय आणि विटकरी रंग काय, दोन्हींची अडचण एकच. मूत्रपिंडे गाळलेली साखर परत रक्तात ओढून घेतात. रक्तातली साखर साधारण १८० मिग्रॅच्या (दर डेसीलिटरला) वर गेली की मगच ती लघवीत उतरते, उतारवयात तर आणखी उशिरा. वारंवार लघवी आणि तहान त्याच्याही मागून येतात. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मधुमेहावरच्या मोठ्या अभ्यासात (१९७७ ते १९९७) नव्याने निदान झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना आधीच काही ना काही गुंतागुंत झालेली आढळली. म्हणूनच या लक्षणांना ‘सुरुवातीची’ म्हणणे आम्हाला पटत नाही.

खरोखर लवकर दिसणारी एक खूण मानेवर असते. मानेमागची आणि काखेतली कातडी काळसर, जाड, मखमली होते. इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते जास्त सोडते आणि त्या जादा इन्सुलिनने कातडी वाढते. रक्तातली साखर तेव्हा अजून ठीकही असू शकते. घरोघरी हा मळ समजून घासला जातो!

निदानाची रेषाही खाली सरकत आली. उपाशीपोटी साखरेची मर्यादा १९७९ पासून १४० होती. १९९७ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ती १२६ केली, कारण डोळ्यांच्या पडद्याचे नुकसान त्या सुमारासच वाढू लागते. १०० ते १२५ ही त्यांच्या मते पूर्वावस्था. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के हा निकष २०१० मधला. तो वापरताना जपून: लोहाच्या कमतरतेने आकडा खोटा वाढू शकतो, तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात फसवा कमी येऊ शकतो. सिकलसेल जास्त आढळणाऱ्या नंदुरबार, गडचिरोलीत हे विसरून चालत नाही.

वजनकाट्यावरही भिस्त नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दोघांनी हे २००४ मध्ये स्वतःच्या छायाचित्रासह प्रसिद्ध केले.

म्हणून चेन्नईत तयार झालेल्या भारतीय जोखीम-गुणांकात वजन नाही, कंबर आहे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून फीत लावायची. पट्ट्याच्या जागी मोजली तर सुटलेले पोट हिशेबातून निसटते. उदाहरणार्थ, ३८ वर्षांचा पुरुष (२० गुण), कंबर ९४ सेंमी (१०), बैठे काम (३०), आईला मधुमेह (१०): बेरीज ७०. साठ किंवा जास्त म्हणजे मोठी जोखीम. अशाला तहान लागण्याची वाट न पाहता ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासावी. १४० च्या आत असेल तर ठीक. २०० किंवा पुढे आली आणि दुसऱ्या तपासणीतही तसेच निघाले, तर मधुमेह.