पांढरा डाग : गर्भाशयमुखाच्या तपासणीची पार्श्वभूमी

गर्भाशयमुखावर तीन ते पाच टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा लावून मिनिटभर थांबले, तर बदललेल्या, मोठ्या केंद्रकांच्या पेशी असलेला भाग काही वेळ पांढरा दिसतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी गावोगावच्या शिबिरांत परिचारिका करतात त्या तपासणीचा आधार एवढाच असला, तरी हे द्रावण प्रथम वापरात आले ते गर्भाशयमुख मोठे करून दाखवणाऱ्या कॉल्पोस्कोप या उपकरणाला साहाय्य म्हणून.

जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ हान्स हिन्सेलमान यांनी १९२५ मध्ये भिंग आणि दिवा यांची जोड देऊन हे उपकरण तयार केले. त्याच सुमारास व्हिएन्नात वॉल्टर शिलर यांनी आयोडीनचा उपयोग दाखवला : ग्लायकोजेन (साठवलेली साखर) असलेल्या निरोगी पेशी तपकिरी होतात आणि बिघडलेल्या पेशी फिकट पिवळ्या राहतात. हिन्सेलमान यांच्या वारशावर मात्र काळी छाया आहे. नाझींच्या आउश्विट्झ छळछावणीतील बंदिवान स्त्रियांवर कॉल्पोस्कोपीचे जे प्रयोग झाले त्यांच्याशी त्यांच्या सहकाऱ्याचा संबंध होता, आणि रोमा (जिप्सी) स्त्रियांच्या सक्तीच्या नसबंदीबद्दल खुद्द हिन्सेलमान यांना युद्धानंतर ब्रिटिश लष्करी न्यायालयाने शिक्षा केली. कॉल्पोस्कोपीची पाठ्यपुस्तके बहुधा हा भाग गाळतात, तो गाळला जाऊ नये.

दरम्यान न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी हर्बर्ट ट्राउट यांच्यासह १९४३ मध्ये पेशीपरीक्षणावरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पॅप स्मिअर, म्हणजे मुखावरच्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, रूढ होत गेला. स्मिअरमध्ये दोष आढळला की तो नेमका कुठे आहे हे कॉल्पोस्कोपने पाहायचे, अशी कामाची वाटणी पुढे ठरली.

उपचारांत खरा बदल झाला तो दृष्टी बदलल्यामुळे. कर्करोगपूर्व अवस्था आढळली की गर्भाशय काढणे किंवा सुरीने मुखाचा शंकूच्या आकाराचा तुकडा कापणे, हाच पूर्वी प्रघात होता. राल्फ रिचर्ट यांनी १९६० च्या दशकात या बदलांकडे एकाच सलग प्रक्रियेच्या पायऱ्या म्हणून पाहिले, आणि मग केवळ बाधित भाग गोठवणे किंवा लेझरने जाळणे पुरेसे ठरू लागले. गोठवल्यावर तपासायला ऊती उरत नाही, ही अडचण होती. ब्रिस्टलच्या वॉल्टर प्रेंडिव्हिल व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत विद्युत्प्रवाह वाहणाऱ्या तारेच्या फासाने तो भाग भूल देऊन काही मिनिटांत काढता येतो आणि प्रयोगशाळेतही पाठवता येतो. ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला आपल्याकडे अजूनही फार सहज दिला जातो, म्हणून हा फरक ठसठशीतपणे सांगावासा वाटतो.

पॅप स्मिअरसाठी प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात. त्यांच्या अभावी काय करायचे, याचे एक महत्त्वाचे उत्तर महाराष्ट्रातून आले. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश असलेला अभ्यास केला. त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने मात्र वेगळे सांगितले : तेथे एकदाच केलेल्या ॲसिटिक ॲसिड तपासणीने वा पॅप स्मिअरने मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही, तर एचपीव्ही या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूसाठी एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठीच्या गटातील स्त्रियांना तपासणी दिली गेली नव्हती, आणि त्यावर नैतिक आक्षेप घेतले गेले. ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

एचपीव्ही आणि हा कर्करोग यांच्या संबंधाचा धागा हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या १९८३ च्या संशोधनापर्यंत जातो, ज्याबद्दल त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्राथमिक तपासणी म्हणून एचपीव्ही डीएनए चाचणीची शिफारस केली. त्या चाचणीत दोष आढळल्यानंतर गोठवणे वा उष्णतेने नष्ट करणे शक्य आहे का, हे ठरवताना मुखावर पुन्हा ॲसिटिक ॲसिडच लावले जाते.